खारवट जमीन व गव्हाचें पीक

कालव्याच्या पाण्याखालील मुलुखांत ज्यांच्या जमिनी आहेत त्यांस खाराची ओळख नव्यानें करून देण्याची आवश्यकता नाहीं. ओढ्याकांठचा एखादा तुकडा प्रथम वाजवीपेक्षां ओलसर राहूं लागतो, मग उन्हाळ्यांत त्यावर पांढरी भुकटी दिसते, आणि कांहीं वर्षांनीं तेथें हरळीशिवाय दुसरें कांहीं उगवेनासें होतें, हें बहुतेकांच्या पाहण्यांतलें आहे. परंतु जमीन पांढरी होण्यापूर्वीं कित्येक हंगाम ती गव्हाचें उत्पन्न मुकाट्यानें कमी करीत असते, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. खार गव्हाच्या रोपास नेमका कोठें व केव्हां बाधतो, तो शेतांत कसा ओळखावा, आणि त्यावरून उपायांचा क्रम कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आमची सर्व नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली असल्यामुळें जमिनीपेक्षां जमिनीच्या कागदांशीं आमचा संबंध अधिक आला. तथापि कागदही कांहीं शिकवितात. पाण्याखालील गांवच्या एकाच सर्व्हे नंबराची पीकपाहणी पंधरा-वीस वर्षांची ओळीनें वाचली, म्हणजे पुष्कळदां एकच क्रम आढळतो. आधीं हरभरा नाहींसा होतो. मग उंसाचें क्षेत्र घटतें. त्यानंतर गहूं व ज्वारी कांहीं वर्षें टिकून राहतात. आणि शेवटीं त्या रकान्यांत 'पड' हा शब्द येतो. हा क्रम योगायोगाचा नव्हे. हरभरा खाराला अतिशय नाजूक, ऊंसही नाजूकच, आणि गहूं त्या दोहोंच्या मानानें कणखर. यास्तव ज्या शेतांत गहूंसुद्धां खालावला, त्या शेतांत खार बराच पुढें गेला आहे असें समजावें. 'पड' ही नोंद होते त्या वेळीं जमीन हातची जाऊन पुष्कळ दिवस झालेले असतात. पीक मात्र त्याच्या कितीतरी आधीं सांगत असतें. तें वाचण्यास शिकलें पाहिजे.

खार येतो कोठून

दख्खनच्या पठारावरील काळी माती काळ्या फत्तराच्या झिजेपासून झालेली आहे, व या झिजेंत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे द्रव्यें सुटीं होतात. अवर्षणाच्या पट्ट्यांत पाऊस वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास पडत असल्यामुळें तीं वाहून न जातां खालच्या थरांत सांचून राहिलीं. जोंपर्यंत शेती केवळ पावसावर होती तोंपर्यंत तीं खालीं निजून होतीं. १८८५ सालीं नीरा डावा कालवा सुरू झाला, तेव्हांपासून बारामती व इंदापूर या बाजूंस बारमाही पाणी मिळूं लागलें, आणि त्याबरोबर भूजलाची पातळीही वर चढली. पाणी जमिनीच्या तोंडापासून चार-पांच फुटांवर आलें, म्हणजे दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें मातींतून वर चढतें. ऊन लागून पाण्याची वाफ होते व खार मागें राहतो. या प्रश्नाची तपासणी फार जुनी आहे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन व श्री. ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर १९१० सालींच मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फें पत्रिका प्रसिद्ध केली होती. पुढें इंग्लिस या एंजिनियरांनीं कालव्यांच्या मुलुखांतील निचऱ्याचा अभ्यास केला, आणि १९३२ सालीं पाडेगांव येथें ऊंस संशोधन केंद्र निघाल्यावर तेथेंही या जमिनींची पाहणी झाली. त्यानंतरच्या काळांत कृष्णेच्या खोऱ्यांत, विशेषतः सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत, तेंच दुखणें मोठ्या प्रमाणावर पसरलें. यावरून खारास नदी व जिल्हा कळत नाहीं. जेथें पाणी येतें पण जात नाहीं, तेथें तो येतो, इतकाच बोध घ्यावयाचा.

विहिरीचें पाणी मचूळ असल्यास खार वरूनही पडतो. याचा हिशोब प्रत्येकानें एकदां करून पाहावा. समजा, विहिरीच्या दर लिटर पाण्यांत सव्वा ग्रॅमाच्या सुमारास क्षार आहे. चवीस असें पाणी जरासें मचूळ लागतें, इतकेंच. गव्हाच्या एका पाळीस सहा सेंटिमीटर पाणी दिलें, तर एकरांत सुमारें दोन लाख बेचाळीस हजार लिटर पाणी जातें, व त्याबरोबर तीनशें किलो क्षार जमिनींत पडतो. पांच पाळ्यांत हा आंकडा पंधरा क्विंटलांवर पोंचतो. म्हणजे एकरीं पंधरा क्विंटल गहूं घरीं आणावा, आणि तितक्याच वजनाचा खार शेतांत ठेवून यावें, असा हा व्यवहार आहे. गव्हाबरोबर खार घरीं येत नाहीं. पीक त्यांतला अगदीं अल्प अंश उचलतें. तो खालीं निघून जाण्यास वाट नसेल, तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर तो बाकी म्हणून चढतो.

खारवट व चोपण यांतील भेद

बोलण्यांत आपण खारवट व चोपण हे शब्द पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. परंतु हीं दोन दुखणीं निराळीं असून त्यांचे उपायही निराळे आहेत.

खारवट जमिनींत पाण्यांत विरघळणारे क्षार अधिक असतात. उन्हाळ्यांत वर पांढरी भुकटी येते, माती भुसभुशीत राहते, आणि पाणी बऱ्यापैकीं मुरतें. चोपण जमिनींत विरघळणारा क्षार कमी असला तरी मातीच्या कणांनाच सोडियम चिकटून बसलेला असतो. त्यामुळें कण एकमेकांपासून सुटतात, ओली असतां माती लोण्यासारखी चिकट होते, वाळली म्हणजे दगडासारखी कठीण होते, आणि पाणी वरच थांबून गढूळ राहतें. कित्येक ठिकाणीं अशा जमिनीवर काळपट, तेलकट पापुद्रा दिसतो. दोन्हीं दुखणीं एकाच शेतांत एकत्रही असूं शकतात.

घरच्या घरीं करण्यासारखी एक परीक्षा सांगतों. स्वच्छ बाटलींत पावसाचें सांठविलेलें पाणी घेऊन त्यांत चमचाभर वाळलेली मातीचीं ढेकळें अलगद सोडावीं व बाटली न हलवितां एक दिवस ठेवावी. ढेकळांभोंवतीं दुधासारखा गढूळपणा पसरून तो दुसऱ्या दिवशींही न निवळल्यास जमीन चोपणाकडे झुकली आहे असें समजावें. पाणी नितळ राहिल्यास चोपणपणा नसावा, किंवा असला तरी क्षारांच्या आधिक्यामुळें तो तूर्त झांकला गेला असावा. ही परीक्षा केवळ दिशा दाखविते. शेवटचा निर्णय माती परीक्षणानेंच करावा.

रोपावर होणारा परिणाम

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें म्हणजे त्यांचें पाणी सुटतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. खारवट जमिनींत गव्हाच्या मुळांची कांहींशी तीच अवस्था होते. भोंवतीं पाणी असतें, परंतु तें खाराच्या ताब्यांत असल्यामुळें मुळांस तें ओढून घेण्यास फार सायास पडतात. रोप ओलाव्यांत उभें राहून तहानेनें व्याकूळ होतें. म्हणूनच अशा जमिनींत बीं उशिरा व विरळ उगवतें, पानें आखूड व रुंदीस कमी निघतात, आणि रंग निरोगी हिरवा न राहतां निळसर, काळपट दिसतो. कित्येकदां या गडद रंगास भुलून शेतकरी पीक जोरांत आहे असें समजतो.

यानंतर दुसरा परिणाम घडतो. मुळांनीं न अडविलेला सोडियम पाण्याबरोबर वर चढून पानांत सांठतो. जुनें पान अधिक दिवस पाणी ओढीत असल्यामुळें त्यांत सोडियमही अधिक सांचतो, व तें आधीं जळतें. जळण्याची सुरुवात शेंड्याकडून व कडांकडून होते आणि खालच्या पानांकडून ती वर सरकते. नत्राच्या उणिवेमुळेंही खालचीं पानें प्रथम पिवळीं पडतात. परंतु त्या वेळीं सर्व रोप फिकें दिसतें. खाराच्या बाबतींत वरचीं पानें गडद राहून खालच्यांचे शेंडे करपतात. हा भेद ओळखतां आला म्हणजे युरियाचा पुष्कळ व्यर्थ खर्च टळेल.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. सोडियम बाहेर अडवून ठेवणें हें मुळांचें काम असून त्यासाठीं त्यांना हवा लागते. जमीन पाण्यानें भरून राहिली म्हणजे मुळें गुदमरतात व हें काम त्यांच्यानें होत नाहीं. तेव्हां पानांत सोडियमचा लोंढा जातो. जितका खार निचऱ्याच्या जमिनींत गव्हानें सहज सोसला असता, तितकाच तुंबलेल्या जमिनींत त्यास असह्य होतो. निचऱ्याचा विषय उपायांत पहिला कां, याचें एक कारण हें आहे.

नुकसान नेमकें केव्हां होतें

गव्हाच्या आयुष्यांत पेरणीपासूनचे पहिले पांच-सहा आठवडे खाराच्या दृष्टीनें सर्वांत नाजूक असतात. याच काळांत बीं उगवतें, अठरा ते एकवीस दिवसांच्या सुमारास मुकुटमुळें फुटतात, फुटवे निघतात, आणि डोळ्यांस न दिसतां खोडाच्या बुडाशीं ओंबीची घडण होऊन तिच्यांत किती कणिशकें असावयाचीं तेंही ठरून जातें. अमेरिकेंत मास व पॉस या संशोधकांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असेंच दिसून आलें, कीं गहूं वाढीच्या आरंभीं खारास सर्वांत अधिक बळी पडतो, ओंबी येण्याच्या वेळीं त्याहून कमी, आणि दाणा भरतांना सर्वांत कमी.

याचा परिणाम उत्पन्नावर कसा होतो, हें एका कल्पित हिशोबानें स्पष्ट होईल. चांगल्या जमिनींत एका चौरस मीटरांत ३३० ओंब्या, दर ओंबींत ३० दाणे, व हजार दाण्यांचें वजन ४० ग्रॅम असें धरलें, तर उत्पन्न ३९६ ग्रॅम येतें. म्हणजे एकरीं १६ क्विंटल. आतां खारवट तुकड्यांत ओंब्या २२०, दाणे २४, व हजार दाण्यांचें वजन ३८ ग्रॅम धरूं. उत्पन्न २०० ग्रॅम, अर्थात् एकरीं आठ क्विंटल. यांत दाण्याचें वजन फक्त विसाव्या हिश्श्यानें घटलें. उरलेलें सर्व नुकसान ओंब्या व दाणे यांच्या संख्येंत झालें. खळ्यांतील रास हातांत घेऊन पाहिली तर दाणा जवळजवळ पूर्वींसारखाच दिसतो, आणि 'गहूं चांगला आहे, यंदा उतारा मात्र पडला नाहीं' असें म्हणून आपण बियाण्यास किंवा थंडीस दोष देऊन मोकळे होतों. वस्तुतः निम्मा गहूं मार्गशीर्षांतच गेलेला असतो.

आंकड्यांचा अर्थ

खाराचें माप विद्युत्वाहकतेनें करतात. पाण्यांत क्षार जितका अधिक, तितकी त्यांतून वीज अधिक वाहते. तें डेसीसायमन प्रति मीटर या परिमाणांत सांगतात. येथें सोयीसाठीं आम्ही त्यास 'अंश' म्हणूं. मातीचा पाण्यानें पुरता चिखल करून त्यांतून ओढून काढलेल्या अर्काचें माप हें शास्त्रांत प्रमाण मानतात. मास व हॉफमन यांनीं १९७७ सालीं निरनिराळ्या पिकांची सहनशक्ति या मापानें मांडली. तीप्रमाणें गहूं सुमारें ६ अंशांपर्यंत उत्पन्नांत घट न होतां टिकतो, आणि त्यापुढें दर अंशास शेंकडा सातांच्या किंचित् वर घट होते. ८ अंशांस सुमारें शेंकडा १४, १० अंशांस २८, आणि १३ अंशांस निम्मे उत्पन्न जातें. उंसास हीच मर्यादा १.७ अंशांची, ज्वारीस ६.८ ची, आणि जवास ८ ची आहे. मात्र गव्हाचें रोप कोवळें असतां ४ ते ५ अंशांपलीकडील खार त्यास मानवत नाहीं, हें विसरतां कामा नये.

येथें एक सूचना देणें अवश्य आहे. आपल्याकडील माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा सामान्यतः एक भाग मातीस दोन किंवा अडीच भाग पाणी घालून माप घेतात. जास्त पाण्यांत क्षार पातळ होत असल्यामुळें हा आंकडा पुष्कळच लहान येतो. तेव्हां अहवालावर २ हा आंकडा पाहून 'गव्हास ६ पर्यंत चालतें' म्हणून स्वस्थ राहणें धोक्याचें आहे. या पद्धतींत १ च्या आंतील माप निर्धास्त समजतात. १ ते २ मध्यें उगवणीस धोका असतो, आणि २ च्या पुढें पिकाच्या वाढीसही. अहवाल हातीं आला म्हणजे माप कोणत्या पद्धतीचें आहे, हें प्रथम विचारून घ्यावें.

अहवालांतील दुसरा आंकडा सामूचा. तो साडेआठाच्या वर असल्यास चोपणाचा संशय घ्यावा व चिकटलेल्या सोडियमचें प्रमाण काढवून घ्यावें. हें प्रमाण शेंकडा १५ च्या वर गेलें म्हणजे जमीन चोपण झाली असें पुस्तकांत म्हणतात. परंतु आपल्या भारी काळ्या जमिनींत याहून कमी प्रमाणांतही पाणी मुरेनासें होतें, असा अनुभव आहे.

शेतांत करावयाचा पडताळा

खार शेतांत सारखा पसरलेला नसतो. तो डागाडागांनीं येतो. यामुळें सर्व शेताची सरासरी काढून कांहींच कळत नाहीं. पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांनीं चांगल्या जागीं व संशयित जागीं एक-एक मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आंखावे, व प्रत्येकांतील रोपें व फुटवे मोजून लिहून ठेवावे. कापणीच्या आधीं त्याच चौकोनांतील ओंब्या व पांच-दहा ओंब्यांचे दाणे मोजावे. यास पैसा लागत नाहीं. असा हिशोब तीन वर्षें ठेवला, तर डाग पसरतो आहे कीं आंखडतो आहे, हें कोणासही विचारावें लागणार नाहीं.

त्याचप्रमाणें शेताच्या सखल भागीं सहा-सात फूट खोल भोंक पाडून त्यांत बाजूस छिद्रें असलेली नळी बसवावी, व दर महिन्यास दोरी सोडून पाणी किती खोलीवर आहे तें टिपून ठेवावें. पाणी पांच फुटांच्या आंत आलें म्हणजे धोक्याची घंटा झाली असें समजावें.

उपायांचा क्रम

उपाय पुष्कळांस ठाऊक असतात, परंतु क्रम चुकतो. खत, जिप्सम, नवें बियाणें हीं सर्व आधीं, आणि निचरा पैसे उरल्यास मागाहून, अशी सर्वसाधारण रीत आहे. ती उलटी केली पाहिजे.

(१) निचरा. क्षार हा जळत नाहीं कीं कुजत नाहीं. तो पाण्याबरोबरच जाईल. सखल बाजूस उघडा चर काढून तो ओढ्यास नेऊन मिळवावा. जेथें जागा वांचवावयाची असेल तेथें तीन-चार फूट खोलीवर सच्छिद्र नळ्या पुरून पाणी बाहेर काढतात. सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत या रीतीनें जमिनी पुन्हां लागवडीस आलेल्या आहेत. कालव्याचें किंवा विहिरीचें पाणी जरुरीपुरतेंच देणें हाही निचऱ्याचाच एक भाग होय.

(२) धुणें. निचऱ्याची वाट झाल्यावर बांध नीट घालून, जमीन सपाट करून, पावसाचें किंवा गोडें पाणी वाफ्यांत थांबवावें व मुरूं द्यावें. एक फूट खोलीच्या मातींतील बराचसा क्षार, सुमारें चार-पंचमांश, खालीं नेण्यास साधारणतः एक फूट पाणी लागतें. भारी जमिनींत याहून अधिक. तें एकदम न देतां थांबून थांबून दिल्यास काम अधिक चांगलें होतें.

(३) जिप्सम. हा उपाय चोपणाचा आहे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खालीं जातो. प्रमाण प्रयोगशाळेकडून ठरवून घ्यावें, पूड वरच्या चार इंचांत मिसळावी, व पाणी द्यावें. सोडियम निघून जाण्यास वाट नसेल तर हा खर्च वायां जातो. केवळ खारवट, परंतु चोपण नसलेल्या जमिनींत जिप्सम घालण्यांत अर्थ नाहीं. जिप्समनंतर पावसाळ्यांत ताग किंवा ढेंचा घेऊन गाडल्यास माती मोकळी होण्यास पुष्कळ साहाय्य होतें. ढेंचा चोपण जमिनींत तागाहून अधिक तग धरतो.

(४) पेरणी व पाणी. नाजूक काळ पहिल्या पांच-सहा आठवड्यांचा, हें तत्त्व ध्यानांत ठेवल्यास पुढील सर्व नियम आपोआप सुचतात. पेरणीपूर्वीं ओलवणी करून वरचा खार खालीं दाबावा व वापसा येतांच पेरावें. बीं नेहमींपेक्षां चौथाईनें अधिक धरावें, कारण फुटवे कमी येणार आहेत. वाफे लहान व सपाट असावेत. उंचवट्यावर खार गोळा होतो व तेथेंच रोप मरतें. पाणी हलकें परंतु थोड्या थोड्या दिवसांनीं द्यावें, व चोपण जमिनींत तें साचूं देऊं नये. ज्यांच्याजवळ कालव्याचें गोडें व विहिरीचें मचूळ असें दोन्हीं प्रकारचें पाणी आहे, त्यांनीं ओलवणीस व मुकुटमुळांच्या पाळीस गोडें पाणी राखून ठेवावें आणि मचूळ पाणी पुढच्या पाळ्यांस वापरावें. पुष्कळजण कालव्याची पाळी येईपर्यंत विहिरीवर भागवितात व गोडें पाणी शेवटीं देतात. पाणी तितकेंच लागतें, पण क्रम उलटा झाल्यामुळें उत्पन्न बुडतें.

(५) खत. अशा जमिनींत नत्राचा नाश अधिक होतो, म्हणून नत्र थोडें वाढवून तें दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावें. चोपण जमिनींत जस्ताची उणीव वरचेवर आढळते; परीक्षणांत ती दिसल्यास एकरीं दहा किलो झिंक सल्फेट द्यावें.

(६) बियाणें. राजस्थानांत पाली जिल्ह्याच्या खारवट जमिनींत पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलेला 'खारचिया' नांवाचा गहूं आहे. कर्नाल येथें १९६९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनें त्याच्या वंशाचा उपयोग करून के.आर.एल. १-४ व पुढें के.आर.एल. १९, २१० आणि २१३ वगैरे वाण काढले. हे वाण मुख्यतः उत्तरेकडील मैदानांसाठीं असल्यामुळें आपल्या उष्ण हवेंत ते प्रथम दोन-चार गुंठ्यांत लावून पाहावे. आपल्याकडील बक्षी, बन्सी व खपली या जातींपेक्षां सरबती गव्हाच्या अंगीं सोडियम पानांपासून दूर ठेवण्याची शक्ति साधारणतः अधिक असते. सरबती गव्हांत जे तीन वंश एकत्र आले आहेत त्यांपैकीं एकाकडून हा गुण आला आहे, व बक्षी-खपलींत तो वंश नाहीं. सबब डागाच्या तुकड्यांत खपली पेरण्यापूर्वीं विचार करावा. जेथें गहूंही न टिके तेथें कांहीं वर्षें जव घ्यावा.

शेजाऱ्याचा चर

इतकें सर्व सांगून झाल्यावर खरी अडचण उरते ती मातीची नसून बांधाची असते. वरच्या शेतांतील पाणी खालच्या शेतांतून ओढ्यास जावयाचें, आणि खालच्यानें त्यास आडवा बांध घातला, म्हणजे दोघांच्याही जमिनीचा नाश होतो. प्रथम वरच्याच्या, आणि कालांतरानें खालच्याच्याही, कारण भूजल सर्व्हे नंबराची हद्द मानीत नाहीं. अशा अडथळ्यासंबंधीं कायद्यांत तरतूद आहे. जमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणी बेकायदा अडथळा केला असून त्यामुळें शेजारच्या शेतजमिनीचें नुकसान होत असेल वा होण्याचा संभव असेल, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ अन्वयें तो दूर करवितां येतो. मात्र दाव्याचें कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज केला पाहिजे. ही मुदत ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ रास्त अर्ज निकालीं निघतात. हें सांगण्याचा हेतु वाचकांनीं कचेरीची वाट धरावी असा नव्हे. नवा चर दुसऱ्याच्या शेतांतून न्यावयाचा असल्यास त्यास शेजाऱ्याची संमतीच लागते, व ती कोर्टाच्या दाराशीं मिळत नाहीं. पांच-सहा खातेदारांनीं एकत्र बसून, ओढ्यापासून वर अशा क्रमानें, चराची आंखणी व खर्चाची वांटणी कागदावर करून सह्या कराव्या. एकट्याचा चर बांधापाशीं संपतो. सर्वांचा ओढ्यापर्यंत जातो.

सारांश

खार गव्हास दाण्यांत न मारतां फुटव्यांत मारतो. म्हणून त्याचा शोध खळ्यांत न घेतां महिन्याच्या रोपांत घ्यावा. खारवट व चोपण यांतील भेद ओळखल्याखेरीज जिप्समवर पैसा घालूं नये. अहवालांतील माप कोणत्या पद्धतीचें आहे तें विचारावें. गोडें पाणी आधीं, मचूळ पाणी मागाहून. आणि सर्वांच्या आधीं निचरा, कारण त्यावांचून बाकीचे सर्व उपाय फुटक्या घागरीनें पाणी भरल्यासारखे होत.

यंदाच्या हंगामांत निदान एवढें करावें, कीं आपल्या शेतांतील सर्वांत वाईट व सर्वांत चांगल्या जागीं एक-एक चौकोन आंखून त्यांतील फुटवे मोजावे व आंकडे वहींत लिहून ठेवावे. चावडीच्या कागदावर 'पड' ही नोंद पडण्यापूर्वीं आपल्या घरच्या वहींत तिची चाहूल लागली, तर जमीन वांचविण्यास अद्याप वेळ असतो.